वाचकांचे प्रश्न: शास्ता धरणाखालचे ट्राऊट आणि सॅल्मन

मागच्या अंकात कॅलिफोर्नियातल्या फ्लाय फिशिंगवर, म्हणजे किड्याची नक्कल केलेल्या ‘फ्लाय’ने मासे पकडण्यावर, ओझरतं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे जवळपास सगळी एकाच नदीबद्दल: रेडिंग शहरातून वाहणारी सॅक्रमेंटो, जिच्या डोक्यावर शास्ता धरण आहे. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त या नदीवर बोलू.

रेडिंगला जुलैत पारा चाळीसच्या वर जातो, रस्त्यावर उभं राहवत नाही. आणि तिथे म्हणे लोक शहराच्या मधोमध ट्राऊट पकडतात. ट्राऊट तर थंड पाण्याचा मासा ना? मला हे काही पटत नाही. – एक वाचक, सॅन होजे

पटत नाही हे बरोबरच आहे, कारण ही सगळी धरणाची करामत आहे. शास्ता धरण १९४५ मध्ये पूर्ण झालं, उंची १८३ मीटर, साठा आपल्या हिशोबात सांगायचा तर साधारण १९८ टीएमसी. एवढं खोल पाणी उन्हाळ्यात सगळं सारखं तापत नाही, वरचा थर कोमट होतो आणि हिवाळ्यात आलेलं गार पाणी जड असल्यामुळे तळाशी बसून राहतं, त्यामुळे खालून पाणी सोडलं की जुलैतसुद्धा रेडिंगला नदी दहा ते तेरा डिग्री सेल्सियसच्या मध्ये वाहते, बाहेर तुम्ही भाजून निघत असलात तरी.

पण इथे एक मेख होती. वीज बनवायच्या टर्बाइनला पाणी नेणारी तोंडं ठरावीक उंचीवर होती, म्हणजे धरण उतरलं की त्या तोंडांतून वरचं कोमट पाणी यायचं, आणि गार पाणी हवं असेल तर टर्बाइन सोडून खालच्या दारांतून सोडावं लागायचं, म्हणजे विजेच्या पैशावर पाणी. मग १९९७ मध्ये धरणाच्या आतल्या अंगाला पोलादाचा एक अवाढव्य सांगाडा बसवला, त्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं आहेत, कुठल्या थरातलं पाणी घ्यायचं ते आता ठरवता येतं आणि वीजही बुडत नाही. हा खर्च ट्राऊटसाठी केला नव्हता बरं का, सॅल्मनच्या अंड्यांसाठी केला होता, ट्राऊटची आपली आयती सोय झाली. पाणी बारा महिने गार, त्यामुळे तळातले किडे बारा महिने, त्यामुळे खाणं बारा महिने, म्हणून इथले जंगली रेनबो ट्राऊट सोळा-अठरा इंचाचे सर्रास भेटतात आणि गळाला लागले की अशी ओढ घेतात की रीलवरची लाईन संपते की काय असं वाटतं.

दादा, आम्ही चौघे जूनमध्ये गेलो, पाण्यात उतरायचे वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक पँट) वगैरे भाड्याने घेऊन. नदी काठोकाठ! पाय ठेवायला जागा नाही. उन्हाळ्यात नद्या आटतात असंच आजवर बघितलं होतं. आमचं काय चुकलं? – चार मित्र, फ्रीमाँट

मित्रांनो, महिना चुकला. ही नदी उलटी चालते. हिवाळ्यात पाऊस पडतो तेव्हा धरण पाणी अडवून ठेवतं आणि उन्हाळ्यात खालच्या खोऱ्यातली भातं, बदाम, टोमॅटो सगळे पाणी मागतात तेव्हा सोडतं. त्यामुळे जून ते ऑगस्ट विसर्ग दहा-चौदा हजार क्युसेकपर्यंत जातो आणि शेतीची मागणी संपली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरत उतरत तीन-साडेतीन हजारावर येतो. क्युसेक म्हणजे काय ते पेपरात धरणांच्या बातम्या वाचणाऱ्याला शिकवायला नको, इथेही तेच माप आहे, फक्त सीएफएस म्हणतात.

माझं तर मत असं की इथे जाणाऱ्याने फ्लायचा डबा उघडायच्या आधी विसर्गाचा आकडा उघडावा. शास्ताच्या खालच्या केसविक धरणातून किती पाणी सुटतंय हे राज्याच्या जलविभागाच्या साईटवर तासातासाला दिसतं. चार-पाच हजाराच्या आसपास असेल तर काठाकाठाने उतरता येतं, त्याच्या वर गेलं की बोट. उन्हाळ्यात इथे जे कोणी मासे पकडतात ते बहुतेक ड्रिफ्ट बोटीतून, गाईड वल्ही मारतोय आणि दोघं जण पुढे-मागे बसून रॉड चालवतायत असा प्रकार. एका दिवसाचा गाईड महाग पडतो हे खरं, पण पहिल्यांदा जाताना तेच करा, कारण बोटीतून एक दिवस फिरलात की मासे कुठे थांबतात ते कळतं, मग नोव्हेंबरात पायी या.

केसविकचं नाव आलं म्हणून सांगतो. ते शास्ताच्या साधारण नऊ मैल खाली आहे, १९५० चं, आणि त्याचं मुख्य काम म्हणजे शास्ताचा चढउतार गिळणं. विजेची मागणी संध्याकाळी वाढते, रात्री पडते, तसं शास्तातून पाणी कमी-जास्त होत राहतं, आणि केसविक ते सगळं पोटात घेऊन खाली एकसारखं सोडतं, गच्चीवरच्या टाकीसारखं, मोटर कधीही चालो, नळाची धार तीच. म्हणून रेडिंगला दुपारी अचानक पाणी कमरेपर्यंत चढलं असं सहसा होत नाही, जे इतर कितीतरी धरणांखाली होतं, आर्कान्सामधल्या व्हाइट नदीवर तर वीजनिर्मिती सुरू झाली की बघता बघता पाणी चढतं. तरीपण गाफील राहू नका. पाणी गार आहे, ओढ भयंकर आहे, दगड शेवाळलेले आहेत. वेडर्सचा कमरपट्टा आवळून बांधा, हातात काठी ठेवा, बोटीत लाईफ जॅकेट घालून बसा, शेजारी ठेवून नाही. आणि शहरातच एक जुना सिंचनाचा बंधारा आहे, १९१७ चा, उन्हाळ्यात त्याच्यावर फळ्या लावून पाणी अडवतात, त्याच्या जवळपास बोट नेऊ नका.

मला सॅल्मन पकडायचाय, फ्लायवर. चिनूक जातीचा, मोठा. कधी येऊ, काय आणू? – एक वाचक, डब्लिन, कॅलिफोर्निया

त्या वर्षीचा नियम बघितल्याशिवाय काहीही आणू नका, असं सरळच सांगतो. २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं कॅलिफोर्नियात सॅल्मनची मासेमारी बंद होती, समुद्रातही आणि या नदीतही. जवळपास असंच आधी २००८ आणि २००९ ला झालं होतं. सॅल्मन साधारण तीन वर्षांनी समुद्रातून परत येतो, म्हणजे आज जो दुष्काळ पडतो त्याचा फटका तीन वर्षांनी दिसतो, आणि २०२० ते २०२२ चा दुष्काळ चांगलाच होता. पुढे कधी, कुठे, किती दिवस उघडणार हे दरवर्षी वसंतात ठरतं, पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल समुद्राचं बघते आणि नद्यांचं राज्याचं कमिशन. तुम्ही निघायच्या आधी त्या वर्षीचा नियम वाचा, मित्राने सांगितलेला नाही, साईटवरचा.

आणि उघडलं तरी माझ्या मते ही नदी फ्लायवर सॅल्मन पकडायची नाहीच. सॅल्मन गोड्या पाण्यात शिरला की खाणं जवळपास सोडून देतो, फ्लायवर तोंड टाकतो तो चिडून किंवा सवयीने. त्यात इथे पाणी मोठं आणि खोल, म्हणून लोक जड शिसं लावून खोल डोहातून ओढतात, आणि गळ तोंडात लागण्याऐवजी पोटाला, शेपटीला अडकतो. तसा लागलेला मासा ठेवणं बेकायदा, मुद्दाम तसा अडकवणं तर आणखी बेकायदा, आणि खरं सांगायचं तर बघायलाही बरं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. या नदीत चिनूकचे चार वेगवेगळे ‘रन’ आहेत, म्हणजे वेगवेगळ्या हंगामात नदीत परतणारे गट, फॉल, लेट-फॉल, विंटर आणि स्प्रिंग, एका नदीत चार हे जगात दुसरीकडे कुठे नाही. त्यातला विंटर-रन १९९४ पासून केंद्र सरकारच्या यादीत नामशेष होण्याच्या धोक्यातला आहे, नव्वदीच्या सुरुवातीला एका वर्षी परत आलेले मासे २०० पेक्षाही कमी होते. हा हिवाळ्यात समुद्रातून निघतो आणि अंडी घालतो ऐन उन्हाळ्यात, मे ते ऑगस्ट. म्हणूनच केसविकच्या लगेच खालचा हायवे ४४ च्या पुलापर्यंतचा पट्टा १ एप्रिल ते ३१ जुलै सगळ्याच मासेमारीला बंद असतो, ट्राऊटलासुद्धा. तिथे पाटी बघून परत फिरणारे लोक दरवर्षी असतात.

फ्लायवर सॅल्मनचं एवढंच वेड असेल तर उत्तरेच्या क्लॅमथ नदीवर नजर ठेवा. तिथली चार धरणं २०२३-२४ मध्ये पाडली, आणि २०२४ च्या शरदात सॅल्मन शंभर वर्षांहून जास्त काळ बंद असलेल्या पाण्यात, पार ओरेगॉनपर्यंत पोचले. तिथेही गळ टाकायला घाई नको, आधी मासे सावरू देत.

ऑक्टोबरमध्ये सॅल्मन अंडी घालतात तेव्हा त्यांच्या मागे ट्राऊट उभे असतात, आणि तिथे अंड्याच्या आकाराची फ्लाय टाकली की हमखास लागतात असं ऐकलं. हे चीटिंग नाही का? आणि नसेल तर नीट सांगा कसं करायचं. – एक नवशिकी वाचक, सॅक्रमेंटो

ताई, प्रश्न फार छान, आणि या नदीवर सगळ्यात जास्त वाद याच्यावरच होतात.

आधी काय होतं ते बघा. सॅल्मनची मादी शेपटीने खडी उडवून खड्डा करते, त्यात अंडी सोडते, नर त्यावर मिल्ट, म्हणजे वीर्य, सोडतो, मग ती वरून परत खडी ढकलून झाकते. याला रेड म्हणतात. पाण्यात वरून बघितलं तर आजूबाजूचा तळ शेवाळाने काळपट आणि मधे टेबलाएवढा, कधी त्याहून मोठा, स्वच्छ उजळ गोटा दिसतो. हे सगळं चालू असताना काही अंडी सुटून वाहत जातात, ती खड्ड्यात नसल्यामुळे तशीही जगणार नसतात, आणि ट्राऊट खालच्या बाजूला रांग लावून ती खात असतात. म्हणजे ट्राऊट करतोय ते निसर्गाचंच आहे, तुम्ही त्याच्या ताटात एक खोटं अंडं ठेवताय. माझ्या दृष्टीने यात चीटिंग नाही. चीटिंग तिथे सुरू होतं जिथे माणूस रेडवर पाय देऊन उभा राहतो. त्या खडीखाली हजारो अंडी असतात, तुमच्या एका पावलाने किती चिरडतात ते वरून दिसतही नाही, आणि रेड नुसतं त्या आठवड्यात नाही तर पुढे दोन-तीन महिने जिवंत असतं, तोवर खड्ड्याच्या कडा बुजून गेलेल्या असतात. म्हणून ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत उथळ, गोट्याच्या पाण्यातून चालायचंच टाळा, काठावरून फिरा. आणि रेडवर बसलेल्या सॅल्मनवर फ्लाय टाकायची नाही, तो तिथे मरायला आलाय, हजार अडचणींतून पोचलाय, त्याचं काम करू द्या.

ही खडीसुद्धा इथे सहज मिळालेली नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. धरण पाण्याबरोबर वरून येणारी खडीही अडवतं, खालचा तळ हळूहळू नुसता मोठ्या धोंड्यांचा उरतो ज्यात मासळीला खड्डा करता येत नाही, म्हणून केसविकच्या खाली ट्रकने खडी आणून नदीत लोटतात. रेडिंगचा सनडायल पूल बघितला असेल ना, २००४ चा, त्याचा एकही खांब नदीत नाही, कारण खाली सॅल्मनची अंडी घालायची जागा आहे. पुलावर उभं राहून शरदात रेड ओळखायला शिका, डोळा तयार होतो, फुकट.

आता कसं करायचं. नऊ-दहा फुटाचा सहा नंबरचा रॉड, फ्लोटिंग लाईन, वर इंडिकेटर (पाण्यावर तरंगणारा खुणेचा गोळा), त्याच्या खाली पाण्याच्या खोलीच्या दीडपट लांब लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाचा बारीक दोरा, थोडं शिसं, आणि खाली दोन फ्लाय, एक अंड्याची आणि तिच्या मागे दीड फुटावर एक छोटी निंफ (पाण्याखालच्या किड्याची नक्कल), सोळा-अठरा नंबरची. अंड्याचा रंग भडक नारिंगी नको, वाहून गेलेलं अंडं फिकट पीच, जरा दुधाळ होतं, तसा घ्या. उभं राहायचं रेडच्या बरंच खाली आणि बाजूला, फ्लाय टाकायची खालच्या खोल होत जाणाऱ्या पाण्यात. टाकल्याबरोबर लाईन वरच्या अंगाला उचलून ठेवायची, याला मेंड म्हणतात, म्हणजे मधला वेगवान प्रवाह लाईनला ओढत नाही आणि फ्लाय मोकळी, पाण्याच्याच वेगाने वाहते. खोटं अंडं पाण्यापेक्षा जोरात किंवा आडवं पळालं की ट्राऊट बघतसुद्धा नाही. नवशिके दहातल्या आठ वेळा इथेच अडकतात, फ्लाय बदलत बसतात आणि ड्रिफ्ट, म्हणजे फ्लायचं वाहणं, सुधारत नाहीत. इंडिकेटर जरा जरी अडखळला, बुडला, वाकडा झाला, रॉड उचला, तळाला लागलं असेल असं स्वतःला समजावत बसू नका.

आणि हो, गळ बार्बलेस, म्हणजे उलट्या काट्याशिवायचा, इथे तो नियमच आहे. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटो हवा तर हात ओले करून दोन सेकंद वर.

अंडी संपली की जानेवारी-फेब्रुवारीत छोट्या मेफ्लाय किड्यांवर या, ढगाळ दुपार असेल तर मासे वरही उठतात, आणि एप्रिलच्या आसपास कॅडिस किडे निघायला लागतात तेव्हा या नदीवरची मला सगळ्यात आवडणारी फिशिंग असते, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

माझा बारा वर्षांचा मुलगा विचारतो की धरणाला माशांसाठी जिना का नाही बांधत? मला उत्तर देता आलं नाही. – एक आई, रोजव्हिल

त्याला सांगा की जिने बांधतात, पण ते छोट्या धरणांना जमतात. इथे आधी केसविक आडवं, मग १८३ मीटरचं शास्ता. समजा मोठा मासा वर चढलाच, तरी त्याची पिल्लं खाली यायला हवीत, आणि ती बोटाएवढी पिल्लं मैलोनमैल साचलेल्या पाण्यात प्रवाहच नसल्यामुळे वाट चुकतात, मोठ्या माशांच्या तोंडी जातात. म्हणून नुसता जिना पुरत नाही.

विंटर-रनचं खरं घर त्या धरणाच्या वर आहे, मॅक्लाउड नदी आणि आसपास, जिथे शास्ता पर्वताच्या झऱ्यांचं पाणी ऐन उन्हाळ्यात गार असतं, म्हणून तर हा मासा उन्हाळ्यात अंडी घालायला शिकला. १९४० च्या दशकात वाट बंद झाली. आता तो खाली, रेडिंगच्या भट्टीत, धरणातून सोडलेल्या गार पाण्याच्या भरवशावर अंडी घालतो, आणि अंड्यांना साधारण ५६ फॅरनहाइट, म्हणजे तेराच्या वर डिग्री गेलं की धोका. २०१४ च्या दुष्काळात धरणातलं गार पाणी हंगाम संपायच्या आधीच संपलं आणि त्या वर्षीची सुमारे ९५ टक्के अंडी-पिल्लं मेली. पुढच्या वर्षीही तसंच. ज्या गार पाण्यामुळे आपल्याला ट्राऊट मिळतात त्याच पाण्यावर या माशाचा अख्खा वंश टांगलेला आहे, आणि तेच पाणी शेतीलाही हवंय, वीजेलाही हवंय.

मग काय करतात, तर शास्ताच्या पायथ्याशी लिव्हिंगस्टन स्टोन नावाची हॅचरी आहे, तिथे विंटर-रन वाढवतात. लिव्हिंगस्टन स्टोन हा तो माणूस ज्याने १८७२ मध्ये मॅक्लाउडवर सॅल्मनची अंडी गोळा करायचं केंद्र काढलं, आणि या खोऱ्यातली अंडी पुढे न्यूझीलंडपर्यंत गेली, तिथे मासे रुजले, अजून आहेत. मॅक्लाउडच्या काठचे विनेमेम विंटू लोक, ज्यांची गावं शास्ताच्या पाण्याखाली गेली, ते कित्येक वर्षं म्हणतायत की आमचे मासे परत आणा. २०२२ मध्ये त्यांना बरोबर घेऊन विंटर-रनची फलित अंडी मॅक्लाउडच्या पाण्यात ठेवली, पिल्लं निघाली, आणि ती खाली उतरताना सापळ्यात पकडून धरणाच्या खाली नेऊन सोडली. म्हणजे जिना नाही, गाडी. मुलाला हे आवडेल असं वाटतं.

आणि त्याला हेही सांगा की सगळं वाईटच नाही. खाली रेड ब्लफला एक बंधारा होता, त्याची दारं माशांना अडवायची, त्याच्या जागी पंप बसवले आणि २०१२ पासून दारं कायमची वर.

पकडलेला ट्राऊट घरी नेऊन खाल्ला तर चालतो का? आणि लायसन्स कसलं लागतं? – एक वाचक, एल्क ग्रोव्ह

जंगली असेल तर सोडायचा. ओळखायचं असं की पाठीवर, शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, तो शाबूत असला तर जंगली, कापून भरलेली जखम दिसली तर हॅचरीचा. हॅचरीचे किती ठेवता येतात ते पट्ट्याप्रमाणे बदलतं, त्या वर्षीची नियमांची पुस्तिका बघा. मी स्वतः या नदीतला एकही नेत नाही, खायचा असेल तर दुकानातला आणतो.

सोळा वर्षं आणि वरच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साईटवर मिळतं, एक-दोन दिवसांचंही असतं, वर्षाचं घेतलंत तर आता खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं. त्याशिवाय स्टीलहेड रिपोर्ट कार्ड घ्या. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबोच, आणि या नदीत तुमच्या गळाला कोण लागेल ते आधी कोण सांगणार. कार्डावर लिहायचं आणि पुढच्या वर्षी ३१ जानेवारीच्या आत आकडा कळवायचा, काहीच नाही लागलं तरी शून्य म्हणून कळवायचं.